प्लॅस्टर सुकेपर्यंत

कुडाळपासून मालवणपर्यंत कुणाच्याही घरी लग्नाचा आल्बम उघडा. मांडवात आजोबा खळखळून हसताना दिसले तर ते दात आजोबांचे आहेत असं समजून चालू नका. बहुतेक माझे असतील. या जिल्ह्यातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या दातांनी हसली, माझ्या दातांनी सुरमई खाल्ली आणि माझ्याच दातांनी मला शिव्या दिल्या. उरलेली निम्मी मुळात हसतच नसत, त्याला माझा इलाज नव्हता.

मी डॉक्टर नव्हे. डॉक्टर दात काढतो, मी घालतो. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं गुलाबी माप ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवायचा. त्यात मी प्लॅस्टर ओतायचो, म्हणजे हिरडीचा साचा मिळे. साच्यावर मेण, मेणात एकेक दात, मग सगळं पितळी डबीत बंद करून उकळायचं. मेण वितळून जातं, त्या जागी गुलाबी प्लास्टिक बसतं, की झाली कवळी. कुडाळच्या बाजारपेठेमागे पिठाच्या गिरणीला लागून माझी खोली होती. बाहेर पाटी होती, ‘दंत प्रयोगशाळा’. ती वाचून हायस्कुलातली मुलं बेडूक कापायला घेऊन यायची.

या धंद्यात गिऱ्हाईक कमी आणि वल्ली जास्त. मालवणच्या मासळीबाजारात बसणारी पार्वतीमावशी कवळी घेऊन गेली आणि पंधरवड्यात तक्रार घेऊन परत आली.

‘‘भाऊ, दात बरे केलंस. खावक येता, हसाक येता. पण भांडूक गावना नाय.’’

मी कवळी घासून दिली, पातळ करून दिली, काही उपयोग झाला नाही. शेवटी मावशीनं स्वतःच तोड काढली. भांडण पेटायला लागलं की ती कवळी काढून शेजारणीच्या हातात द्यायची, पदर खोचायची आणि मग सुरू व्हायची. पुढं पुढं तर तिनं नुसता तोंडाकडे हात नेला की गिऱ्हाईक मुकाट्यानं भाव कबूल करायचं. त्या बाजारात माझ्या कवळीइतका धाक असलेली वस्तू दुसरी नव्हती. पोलीसचौकी होती, पण ती त्या खालोखाल.

असो. या अंकाच्या संपादकांनी ‘आठवणीतलं काम’ लिहायला सांगितलंय, आणि ते काम कवळीचं नाही. ते एका तरण्याताठ्या पोराच्या शाबूत दातांचं आहे.

ही गोष्ट २००८-०९ची. पिंगुळीच्या पलीकडे एका गृहस्थांची काजूची बाग होती. गृहस्थ मुंबईत नोकरी करून परत आलेले. काजूत पैसा नाही, पर्यटकांत आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि त्यांनी बागेत एअरसॉफ्ट सुरू केलं. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बंदूक अगदी खऱ्यासारखी दिसते, पण तिच्यातून वाटाण्याएवढी प्लास्टिकची गोळी सुटते. दोन पक्ष करायचे, झाडाआड लपायचं, एकमेकांना टिपायचं. गृहस्थ स्वतः हिरवे-तपकिरी कपडे घालून शिट्टी फुंकत फिरायचे, म्हणून आम्ही त्यांना कमांडर म्हणत असू. त्यांच्या फौजेचा सगळ्यात मोठा पराक्रम म्हणजे बागेतली माकडं पळाली. गावानं त्याबद्दल त्यांना दुवाच दिला.

कमांडरांनी प्रत्येकाच्या डोळ्यांना जाड चष्मा दिला होता. डोळ्यांची काळजी सगळेच घेतात. तोंडाची कोणी घेत नाही. आता विचार करा, माणूस झाडाआड दबा धरून बसला की काय करतो? तो हसतो. गोळी अंगावर आली की ओरडतो. म्हणजे ज्या क्षणी तोंड मिटलेलं हवं नेमकं त्याच क्षणी ते उघडं. गालावर गोळी लागली तर वळ उठतो, ओठावर लागली तर ओठ सुजतो, आठवड्यात सगळं भरून येतं. पण समोरचा दात काचेसारखा असतो. त्याचा कोपरा उडाला की तो परत उगवत नाही. तोंडाला रुमाल बांधला तर चटका कमी लागतो, दात काही वाचत नाही.

पहिल्याच हंगामात डॉक्टरांकडे दोन-तीन मुंबईकर तुटका दात घेऊन आले. तुकडा दुधात घालून आणावा, हे डॉक्टरांनी कमांडरांना सांगून ठेवलं होतं. बागेत दूध नव्हतं, म्हणून एकाचा तुकडा सोलकढीतून आला. तो जसाच्या तसा बसवला. अंधेरीच्या एका बँकेत आजही एक मॅनेजर गुलाबी दातानं हसत असेल.

आणि मग आला सुर्या.

सुर्या म्हणजे तातू सनईवाल्यांचा मुलगा. गावच्या देवीच्या देवळात सकाळ-संध्याकाळ सनई वाजवण्याचा मान त्यांच्या घराकडे. तातूच्या बापानं वाजवली, तातूनं वाजवली, मग तातूचे दात गेले. कवळी मीच केली. हातावर घेऊन ओवाळावी अशी कवळी. पण सनईचं गणित निराळं. तिच्या तोंडाशी गवताच्या काडीची चपटी पत्ती असते, ती दोन्ही ओठांत धरायची आणि ओठांना मागून आधार द्यायचा तो समोरच्या दातांनी. फुंकर अशी लागते की शिडाचं होडकं किनाऱ्याला यावं. त्या फुंकरीपुढे कवळी टिकत नाही. तातूनं कवळी घालून पहिली फुंकर मारली तेव्हा ती सुटली, गाभाऱ्यापुढच्या घंटेवर आपटली आणि घंटा वाजली. तातू म्हणतो घंटा वाजली नाही. वाजली.

त्या दिवशी तातूनं सनई पुसून मुलाच्या हातात दिली. तातू वाजवायचा तेव्हा काजव्यांचीसुद्धा झोप उडायची. मुलगा वाजवायला लागल्यावर तातू मात्र देवळात थांबायचा नाही. सुर्यानं सनई ओठाला लावली की तातू उठून बाहेर.

सुर्या खोलीत आला तो तोंडावर हात धरून. हात काढला. वरच्या समोरच्या दाताचा कोपरा गेलेला.

‘‘खंय आपाटलंस?’’ मी विचारलं.

‘‘आपटाक नाय. गोळी लागली. मी थंय शत्रूचा काम करतंय.’’

मला वाटलं मुलगा भ्रमिष्ट झाला. मग उलगडा झाला. मुंबईहून येणाऱ्यांना जिंकायचं असतं. आपापसांत खेळले तर निम्मे हरतात आणि हरलेले पुन्हा येत नाहीत. म्हणून कमांडरांनी गावातली चार मुलं पगारावर ठेवली होती. त्यांनी शत्रू व्हायचं, पळायचं, आणि शेवटी मरायचं. या खेळाचा एक नियम आहे. गोळी कुणाला लागली हे लांबून दिसत नाही, म्हणून ज्याला लागली त्यानं आपल्या तोंडानं ‘मेलो’ म्हणून ओरडायचं. सगळा खेळ त्या एका शब्दाच्या खरेपणावर चालतो. आणि सुर्यासारखा मरणारा जिल्ह्यात नव्हता. तो मरताना काजूच्या खोडाला मिठी मारायचा, घसरत खाली यायचा, एक हात आभाळाकडे करायचा. एकदा तर मेल्यावर उठून पुन्हा मेला, पाहुण्यांच्या आग्रहावरून.

‘‘आणि सनई?’’ मी विचारलं.

तो जमिनीकडे बघायला लागला. ‘‘फुटता सूर. वारो बाजून जाता.’’

डॉक्टरांनी त्याच्या दाताचा कोपरा पांढरा मसाला घालून भरून दिला. सूर परत आला. पण मी त्याला स्पष्ट सांगितलं, पुढची गोळी बसली तर भरायला दात उरायचा नाही. मग मी कवळी करीन, आणि कवळीवर सनई वाजत नाही. तुझ्यामागे वाजवणारा कोणी नाही. देवीचं दार मुकं होईल. तर आता तू ती बाग सोड.

‘‘नाय सोडूचंय.’’

‘‘कित्याक रे?’’

‘‘भाऊ, थंय मी मेलंय काय टाळये पडतत. लोक फोटो काडतत. हय रोज सकाळी वाजवतंय, आयकता कोण? पुजारी घंटा बडयता. लग्नात गेलंय तर माका जेवच्या पंगतीमागे बसवतत, पुढे ब्यांड. आणि बाबा तर उठान भायरच जातत. माजा वाजवणा तेंका सोसना नाय.’’

आयुष्यात जेव्हा केव्हा मला उत्तर सुचलेलं नाही तेव्हा मी प्लॅस्टर कालवलंय. त्याच्या दातांचं माप घेतलं आणि कामाला लागलो.

तर अशा खेळात तोंड वाचवायला दोन गोष्टी लागतात. आत दातांवर बसणारं कवच, आणि बाहेर नाकाखालपासून हनुवटीपर्यंत मुखवटा. पैकी मी आधी कवच केलं, आणि ते केलं माझ्या सवयीनं, म्हणजे कवळीच्या कडक प्लास्टिकचं. दिसायला देखणं. सुर्या ते घालून बागेत गेला. पहिली गोळी लागल्यावर तो ओरडला, ‘‘व्हेओ.’’ पाहुण्यांना काही कळेना. त्यांनी आणखी गोळ्या घातल्या. तो पुन्हा ‘‘व्हेओ, व्हेओ’’ म्हणत पळाला, पाहुणे मागे. काजूच्या बागेतून तो ओढ्यात, ओढ्यातून कुणाच्या तरी मळ्यात. ते म्हणे आंबोलीपर्यंत गेले असते, पण मध्ये जेवणाची वेळ झाली. संध्याकाळी माझ्या टेबलावर कवच आपटून तो म्हणाला, ‘‘ह्या घातल्यार माका मराक येना नाय.’’ कवचाला तडाही गेला होता. कडक वस्तूवर कडक वस्तू ठेवली की मार मधल्यामध्ये जिरत नाही, सरळ दातात उतरतो. इतकी वर्षं हिरड्यांसाठी काम करून दातांचं हे मला सुचू नये.

मग पणजीच्या एका दुकानातून मऊ, रबरासारखा पारदर्शक पत्रा मागवला. तो गरम करून दातांच्या साच्यावर ओढून बसवायचा असतो, त्यातली हवा खेचून घ्यावी लागते. यंत्र माझ्याकडे नव्हतं. एका हॉटेलातलं केर ओढायचं यंत्र उसनं आणलं आणि काम भागवलं. ते इतकं पातळ बसलं की सुर्या त्यात बोलू शकत होता. तरी मी कमांडरांना जाऊन सांगितलं की शत्रूंच्या कमरेला लाल फडकं द्या. गोळी लागली की ओरडायचं नाही, फडकं डोक्यावर धरायचं. कमांडरांना ते फार लष्करी वाटलं, म्हणून पटलं.

राहिला मुखवटा. त्यासाठी जाळी हवी. भोकं गोळीहून कितीतरी बारीक, तार वाकणार नाही अशी, आणि श्वास कोंडून चष्म्यावर वाफ धरणार नाही अशी. अशी जाळी माझ्या बायकोच्या पिठाच्या चाळणीत होती. पुढचे काही दिवस आमच्या घरी भाकरी कोंड्यासकट झाली आणि मी ती मान खाली घालून खाल्ली. पण जाळी चेहऱ्याला बेताची बसायला हवी. ओठांना टेकली तर गोळीचा मार जाळीतून ओठावर, ओठातून दातावर. जाळी आणि ओठ यांच्यात बोटभर जागा हवी, आणि टेकायचं ते गालाच्या हाडावर आणि हनुवटीखाली, तेही कापडाच्या गादीवर. त्यासाठी सुर्याच्या खालच्या चेहऱ्याचा साचा लागणार होता.

सुर्या म्हणाला, ‘‘ह्या सगळा घालून मी मरान कसो दिसतलंय? माका नको.’’

मी म्हटलं, नको तर नको, साचा तेवढा देऊन जा. आणि तातूला निरोप पाठवला, की पोरगा जाळीला नको म्हणतो, आणि माप घेताना डोकं धरायला माणूस लागतो, तुम्ही या. खरं म्हणजे माणूसबिणूस लागत नाही. इतकी वर्षं मी एकट्यानं मापं घेतली. पण हे तातूला सांगायची गरज नव्हती.

तातू आला. धुतलेला सदरा, तोंडात माझी कवळी, आणि चेहऱ्यावर कुणाच्या तरी तेराव्याला आल्यासारखा भाव. मी सुर्याला बाकावर उताणा निजवला. गालांना, ओठांना खोबरेल चोपडलं. डोळ्यांवर ओलं फडकं ठेवलं, कानात कापूस घातला. हाड मोडल्यावर गुंडाळतात ती प्लॅस्टरची पट्टी पाण्यात भिजवून त्याच्या ओठांवर, हनुवटीवर, जबड्यावर थरावर थर बसवत गेलो. फक्त नाक उघडं. त्याला बजावलं, आता हसायचं नाही, बोलायचं नाही, गिळायचंसुद्धा बेतानं. चेहरा हलला की साचा फुकट.

तातू उशाशी बसून दोन्ही हातांनी मुलाचं डोकं धरून होता. प्लॅस्टर सुकायला लागलं की गरम होतं. तो घाबरून म्हणाला, ‘‘भाऊ, तापला ह्या.’’

‘‘तापतला आणि निवतला. भियेव नका.’’

‘‘तेका आयकाक येता?’’

‘‘छे. एवढो कापूस घातलंय, तोफ उडली तरी आयकाक येवची नाय,’’ मी म्हणालो आणि दुसरीकडे वळून पातेलं धुवायला लागलो.

गिरणी त्या दिवशी बंद होती. मग तातू बोलायला लागला. माझ्याशी नव्हे. खाली बघून, त्या पांढऱ्या तोंडाशी.

‘‘सुर्या, मी उठान जातंय म्हणान तुका राग येता, माका कळता. माज्या बापाशीन माका कदी बरा म्हटल्यान नाय. तोंडार बरा म्हटला काय सुराक नजर लागता, असा आमच्या घरात मानतत. म्हणान मीय गप ऱ्हवलंय.’’

मी पातेलं धूतच होतो. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

‘‘मी खंय जाणंय नाय रे. देवळामागे सोनचाफ्याखाली बसतंय. आत बसलंय तर तू वाजवताना माजी बोटां हलतत. लोक बगतत, माका लाज वाटता. चाफ्याखाली कोण बगता. थंय बसान मी तुज्याबरोबर सगळा वाजवतंय, रोज. गुदस्ता जत्रेक पालखी भायर पडली तेवा तू जा वाजवलंस ना, ता माका कदी जमला नाय. माज्या बापाशीकय जमला नाय. मी थंय एकलोच रडलंय.’’

त्यानं मुलाच्या कपाळावरचे केस मागे सारले.

‘‘एकदा माजी सनई गेली, ता मी सोसलंय. कित्याक, तर तू होतंस. आता तुजे दात गेले तर ती दुसऱ्यांदा जातली. ता माका सोसाचा नाय, झिला. तू मर, लोकांका हसव, माजा काय म्हणणा नाय. पण ता जाळयेचा तोंडाक लाव.’’

त्याच वेळी मला टक् असा आवाज आला. वळून बघतो तर साच्याला हनुवटीपाशी तडा. सुर्याची हनुवटी थरथरत होती. डोळ्यांवरचं फडकं मी ओलं करून ठेवलं होतं खरं, पण एवढं ओलं नाही.

मी साचा सोडवला. आत बघितलं तर खालचा ओठ सगळा वेडावाकडा उमटलेला. असा साचा घेऊन मुखवटा केला तर तो रडणाऱ्या माणसालाच बसेल. सुर्या उठून बसला. तोंडाला खोबरेल, हनुवटीला प्लॅस्टर, त्यातून पाण्याच्या दोन वाटा.

तातूनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की पार्वतीमावशी बरी. ‘‘भाऊ, तुमी म्हटलात तेका आयकाक येना नाय.’’

‘‘कापूस पातळ पडलो,’’ मी म्हणालो. ‘‘हल्ली चांगलो कापूस येना नाय.’’

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. मुखवटा झाला, सुर्यानं तो घातला, आणि त्यावर पुढच्या हंगामात इतक्या गोळ्या बसल्या की जाळीला पोचे आले. आतलं कवच मी एकदा बदलून दिलं. बाकीच्या तीन शत्रूंनीही मुखवटे करून घेतले, मग कमांडरांनी पाहुण्यांसाठीही मागितले, आणि बायकोला मी एक नव्हे, अर्धा डझन चाळण्या आणून दिल्या. सुर्याचे दात अजून त्याचेच आहेत. माझ्या धंद्याच्या दृष्टीनं हे नुकसानच म्हणायचं. तातूसुद्धा हल्ली देवळातच बसतो म्हणतात, खांबाला टेकून, दोन्ही हात उघड्यावर ठेवून.

पण त्या दिवशी खोलीत यातलं अजून काहीच झालेलं नव्हतं. तडकलेला साचा टेबलावर, बाप भिंतीकडे तोंड करून उभा, आणि मुलगा बाकावर बसलेला. मी आपला धंद्याचं बोललो. म्हटलं, ‘‘ह्यो फुकट गेलो. परत घेवचो लागतलो.’’

सुर्यानं तोंड पुसलं. पुन्हा खोबरेल स्वतःच चोपडलं. बाकावर उताणा झाला, फडकं डोळ्यांवर ओढलं, आणि बाजूला पडलेला कापसाचा बोळा उचलून आपल्या हातानं कानात घातला.

‘‘बाबा,’’ तो म्हणाला, ‘‘मगाचचा परत सांगा. सुरवातेपासना. आता माका कायएक आयकाक येना नाय.’’

तातू भिंतीकडून वळला. मग त्यानं तोंडातली कवळी काढली, सदऱ्याच्या खिशात ठेवली, आणि उशाशी येऊन बसला. मी पट्टी भिजत घातली. जितकी लागेल तितकी होती माझ्याकडे.